व्यक्तिस्वातंत्र्य आणि सर्वोच्च न्यायालय

भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदानुसार, कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. अनुच्छेदाची ही शब्दरचना १९५० पासून कायम आहे. तथापि तिचा अर्थ न्यायनिर्णयांमुळे आमूलाग्र बदलला. या बदलाचा इतिहास म्हणजे भारतातील नागरी स्वातंत्र्याच्या विकासाचाच इतिहास होय.

या अनुच्छेदाचा पहिला महत्त्वाचा कस ‘ए. के. गोपालन विरुद्ध मद्रास राज्य’ (१९५०) या खटल्यात लागला. साम्यवादी नेते गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियमान्वये स्थानबद्ध करण्यात आले होते. विधिमंडळाने रीतसर संमत केलेला कायदा असला म्हणजे पुरे, त्यातील कार्यपद्धती न्याय्य आहे किंवा कसे हे न्यायालयाने पाहावयाचे नाही, असे बहुमत पडले. प्रत्येक मूलभूत हक्क स्वतंत्र व स्वयंपूर्ण मानण्यात आला. न्या. फजल अली यांनी मात्र भिन्नमत नोंदविले.

या संकुचित अर्थाचे परिणाम आणीबाणीत प्रकर्षाने दिसून आले. राष्ट्रपतींनी २७ जून १९७५ रोजी काढलेल्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क निलंबित झाला. तरीही स्थानबद्धांचे बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज विचारात घेता येतात, असा निर्णय मुंबई, मध्य प्रदेश, दिल्ली यांसह नऊ उच्च न्यायालयांनी दिला. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरविला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांच्या प्रश्नावर, पोलिसाने वैरभावाने एखाद्याचा जीव घेतला तरी आदेश लागू असेतोवर दाद मागता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर महान्यायवादी निरेन डे यांना द्यावे लागले. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत दिले. जीविताचा हक्क ही केवळ संविधानाची देणगी नव्हे. कायद्याच्या अधिसत्तेत तो गृहीतच असतो, अशी त्यांची भूमिका होती. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले व खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे ४४ व्या संविधानदुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

‘मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार’ (१९७८) या निर्णयाने गोपालन प्रकरणातील भूमिकेची जागा नव्या विचाराने घेतली. सरकारने मनेका गांधी यांचे पारपत्र कारणे न देता जप्त केले होते. कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असलीच पाहिजे, तसेच अनुच्छेद १४, १९ व २१ परस्परांशी निगडित आहेत, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. त्याचा लाभ सामान्य माणसापर्यंतही पोहोचला. ‘हुसैनारा खातून’ प्रकरणात (१९७९) बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या संदर्भात शीघ्र सुनावणीचा हक्क मान्य झाला. मुंबईतील पदपथवासीयांच्या ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात (१९८५) उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानण्यात आला. मात्र पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने वैध ठरविला; पावसाळा संपेपर्यंत कारवाई लांबणीवर टाकली, एवढाच तात्कालिक दिलासा बहुसंख्य रहिवाशांना मिळाला. हक्काची मान्यता व त्याची प्रत्यक्ष प्राप्ती यांतील अंतर या निकालाने उघड केले.

‘पुट्टस्वामी’ खटल्यात (२४ ऑगस्ट २०१७) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क एकमताने मूलभूत ठरविला. त्याच वेळी जबलपूर प्रकरणातील बहुमताचा निर्णय स्पष्टपणे रद्दबातल केला. त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा ठरविणारे निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. खन्ना यांचे भिन्नमत विधिमान्य होण्यास ४१ वर्षे लागली. दरम्यान स्थानबद्धतेत गेलेला काळ मात्र कोणत्याही निर्णयाने भरून येणारा नव्हता.