उमेदवाराची तब्येत आणि मतदाराचा प्रश्न : प्रस्तावना

10 जून 2022 रोजी चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप रुग्णवाहिकेतून मुंबईला विधान भवनात गेले. राज्यसभेची निवडणूक होती आणि सहाव्या जागेसाठी एकेका मताचा हिशेब चालला होता. कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक याही कर्करोगाशी झुंजत तशाच मतदानाला गेल्या. दहा दिवसांनी विधान परिषदेसाठी दोघांनी पुन्हा तोच प्रवास केला. या वेळी त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्यांनी हाताळल्या असा आक्षेप काँग्रेसने घेतला, मतमोजणी लांबली आणि शेवटी निवडणूक आयोगाने आक्षेप फेटाळला. त्याच वर्षी 22 डिसेंबरला मुक्ताताई गेल्या. पुढे बारा दिवसांत, 3 जानेवारी 2023 ला, लक्ष्मणभाऊही गेले.

मी हिंजवडीजवळच्या माण गावात राहतो. आमचे मत भोर विधानसभा मतदारसंघात पडते, पण हिंजवडी ओलांडून वाकडला उतरले की चिंचवड लागते. सोयरीक, जमिनीचे व्यवहार, दवाखाने सगळे तिकडचेच. त्या जूनमध्ये पारावर, चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये सगळीकडे भाऊंच्या निष्ठेचेच बोलणे होते. ते खरे होते आणि त्याबद्दलचा आदर माझ्याही मनात आहे. पण त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट कोणी बोलत नव्हते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत 13 मार्च 2022 ला संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. नगरसेवक उरले नव्हते, आमदार अंथरुणाला खिळलेले होते. वाकड-थेरगावच्या माणसाने टँकरच्या, रस्त्याच्या, ड्रेनेजच्या तक्रारीसाठी कोणाचे दार ठोठावायचे? हा प्रश्न भाऊंच्या आजारावर ठपका ठेवत नाही. आजारी माणसाच्या मागे काम कोण पाहणार, एवढेच तो विचारतो. लोकप्रतिनिधींच्या आरोग्याचा अभ्यास मला या प्रश्नापासून सुरू करावासा वाटतो, आणि नव्या वाचकाचे स्वागतही मी याच उंबरठ्यावर करतो.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. उमेदवार अर्जासोबत नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 मे 2002 आणि 13 मार्च 2003 च्या निकालांमुळे मतदाराला उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण कळू लागले. त्यात आरोग्याचा रकाना नाही. राज्यघटनेच्या 102 आणि 191 या अनुच्छेदांत आरोग्याबद्दल एवढेच आहे की, मन विकल असल्याचे सक्षम न्यायालयाने घोषित केलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही. शरीराबद्दल कायदा गप्प आहे.

ही गप्प राहण्याची सवलत आमच्या पट्ट्यातल्या बाकी कोणालाही मिळत नाही. रोज पहाटे हिंजवडीच्या आयटी पार्कात माणसे आणणाऱ्या कॅबच्या चालकाला व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-ए लागतो. चाकणला क्रेनवर बसणाऱ्याचे डोळे तपासतात. मग साडेतीन-चार लाख मतदारांचा प्रतिनिधी होऊ पाहणाऱ्याने निदान एक प्रमाणपत्र का देऊ नये? मलाही बराच काळ असेच वाटायचे.

मत बदलले ते घरातल्याच एका अनुभवाने. माझ्या मावसभावाला चाकणच्या एका कारखान्यात जवळजवळ नोकरी लागली होती. मेडिकलच्या एक्स-रेत फुप्फुसावर जुन्या क्षयाचा डाग दिसला. औषधोपचार पुरा होऊन कितीतरी वर्षे झाली होती, अंगात काम करण्याची ताकद होती, तरी यादीतून नाव गेले. त्या एक्स-रेने त्याचा भूतकाळ दाखवला, तो आज काय करू शकतो हे दाखवले नाही. पुढे वाचनात आले की ओडिशाच्या 1950 च्या नगरपालिका कायद्यात क्षयरोगी आणि कुष्ठरोगी यांना उमेदवारीच बंद होती, आणि कुष्ठरोगाच्या कारणाने झालेली अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये कायम ठेवली. या तरतुदीचा फेरविचार व्हावा असे न्यायालयाने सुचवले हे खरे, पण त्या उमेदवाराची जागा गेली ती गेलीच. रोगाचा रकाना एकदा उघडला की तिथे भीती आणि कलंक शिरतात, हे अभ्यासकाने आधीच लक्षात ठेवावे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितले. एप्रिल 2024 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवाराची प्रत्येक बाब जाणून घेण्याचा निरपवाद हक्क मतदाराला नाही. खटला मालमत्तेचा होता, पण त्यातला विचार आपल्या विषयालाही लागू पडतो.

आता भाषेकडे या. आपली वर्तमानपत्रे कर्करोगाला कितीतरी वर्षे ‘दीर्घ आजार’ म्हणत आली. नेता रुग्णालयात गेला की ‘नियमित तपासणी’ असते आणि कार्यकर्ता छातीठोकपणे सांगतो, साहेब ठणठणीत आहेत. कोणाला फसवण्याचा त्यात नेहमीच हेतू असतो असे नाही. आजाराचे नाव घेतले की तो बळावतो, अशी घराघरांतली जुनी समजूत राजकारणातही उतरली आहे. म्हणून शरद पवारांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. 2004 च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. पुढे त्यांनी तो लपवला नाही, तंबाखूच्या सवयीचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला आणि दोन दशके राजकारण केले. कर्करोग म्हणजे कारकिर्दीचा शेवट हे समीकरण महाराष्ट्रात त्यांनी मोडले. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना, म्हणजे आबांना, कर्करोगाने तेवढा अवधी दिला नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये तासगाव-कवठे महांकाळमधून ते निवडून आले आणि 16 फेब्रुवारी 2015 ला गेले. पोटनिवडणुकीत मोठ्या पक्षांनी उमेदवार दिले नाहीत, आबांच्या पत्नी सुमनताई पाटील विजयी झाल्या. लक्ष्मणभाऊंच्या मागे चिंचवडला मात्र लढत झाली आणि त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप जिंकल्या. प्रतिनिधीचे आजारपण, सहानुभूती आणि घरातली उमेदवारी यांची ही साखळी स्वतंत्र अभ्यास मागते.

सगळ्यात जास्त शिकवतो तो मात्र गोवा. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथले मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आजारी पडले आणि मार्चमध्ये उपचारांसाठी अमेरिकेला गेले. मागे तीन मंत्र्यांची सल्लागार समिती ठेवली, प्रभारी मुख्यमंत्री नेमला नाही. आजाराचे नाव सरकारकडून कळायला ऑक्टोबर उजाडला. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नाव उघडपणे घेतले, तोवर आठ महिने गोवेकर अफवांवर दिवस काढत होते. त्याआधी 24 सप्टेंबरला फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन आजारी मंत्र्यांना मंत्रिमंडळातून वगळले. त्या दिवशी मुख्यमंत्री स्वतः दिल्लीला एम्समध्ये दाखल होते. आजारपणाची एक मोजपट्टी मंत्र्यांना आणि दुसरी मुख्यमंत्र्यांना कशी लागली, याचे उत्तर व्यक्तींच्या स्वभावात शोधू नये. आघाडीच्या गणितात, पक्षात दुसरा सर्वमान्य माणूस नसण्यात ते सापडते. डिसेंबरमध्ये नाकात नळी असताना पर्रीकर मांडवीवरच्या पुलाची पाहणी करायला आले. ते छायाचित्र पाहून कोणी धन्य झाले, कोणाला यातना झाल्या. मला दोन्ही वाटले. त्यांच्या प्रकृतीची माहिती मागणारी याचिका उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 30 जानेवारी 2019 ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि 17 मार्चला पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

जगातही याच वाटेच्या खुणा दिसतात. फ्रान्सचे मितराँ 1981 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे कळले. पारदर्शकतेचे वचन म्हणून निघणारी त्यांची आरोग्यपत्रके पुढे वर्षानुवर्षे सारे ठीक असल्याचे सांगत राहिली. पत्रक निघाले म्हणजे सत्य कळले असे नाही, हा धडा तिथला. अमेरिकेत 1964 मध्ये एका मासिकाने हजारो मनोविकारतज्ज्ञांना पत्रे पाठवून अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर त्या पदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का, असे विचारले. त्यानंतर तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये नियम केला, की स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय कोणाचे निदान जाहीर करायचे नाही. मोबाइलवरच्या वीस सेकंदांच्या चित्रफितीवरून नेत्याच्या थरथरत्या हाताचे निदान करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम रोज लागू आहे.

मग अभ्यास करायचा तरी कशाचा? माझे उत्तर असे की रोगाऐवजी कामाचा. त्याची कागदपत्रे उघड्यावर आहेत. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्याची जागा रिक्त जाहीर करता येते, ही तरतूद घटनेतच आहे. त्यामुळे आजारी सदस्य रजेचा अर्ज करतो आणि त्याची सभागृहात नोंद होते. हजेरी, विचारलेले प्रश्न, आमदार निधीची कामे, मंत्र्याचा कार्यभार कोणाकडे दिला त्याचे आदेश, हे सारे कोणाचाही एक्स-रे न मागता पाहता येते. उमेदवाराला विचारायचा प्रश्नही यातूनच सापडतो. तुम्ही तीन महिने येऊ शकला नाहीत तर कार्यालय कोण चालवील, लोकांनी कोणाला भेटायचे, हे प्रचारातच का सांगत नाही?

रिकाम्या खुर्चीचाही अभ्यास व्हायला हवा. फेब्रुवारी 2023 मध्ये, मुक्ताताईंच्या मागे झालेल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारासाठी पुण्याचे आजारी खासदार गिरीश बापट चाकाच्या खुर्चीवर, नाकाला प्राणवायूची नळी लावून केसरीवाड्यात आले. 29 मार्चला ते गेले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून अधिक उरली होती. तरी पोटनिवडणूक झाली नाही. निवडणूक आयोग इतर निवडणुकांची कारणे देत राहिला. 13 डिसेंबर 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्या असे सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि जून 2024 पर्यंत पुणे शहराला लोकसभेत खासदार नव्हता. बापटांच्या नळीवर पुण्यात जेवढी चर्चा झाली, तिच्या दशांशही चर्चा या सव्वा वर्षाची झाली नाही. त्या काळात पुण्यातून कोणती कामे, कोणती पत्रे, कोणते प्रश्न दिल्लीला गेले नाहीत, याची यादी अजून कोणी केलेली नाही. नव्या अभ्यासकाने सुरुवात तिथून करावी.