घराची ऊब : कामगाराच्या खोलीचा थोडा इतिहास



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. अशा ठिकाणी विद्वानांनी बोलावे हा रिवाज आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेच्या कचेरीत, जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी अहवाल वाचून अधिक झालेले. चालकांनी मला बजावले होते की, ‘यंदा पगार आणि बोनस सोडून बोला.’ म्हणून मी घर हा विषय घेतला. हा विषय कामगारचळवळीपासून फार दूर नाही, हे बोलता बोलता आपल्या ध्यानात येईलच.

आपल्या भाषेत ‘घरपण’ असा एक सुंदर शब्द आहे. घर गवंडी आणि सुतार बांधतात; घरपण मागाहून येते, आणि कधी कधी येतच नाही. ते कशाने येते? डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाने आणि सामानाने येते, असे आजकाल पुष्कळांना वाटते. पण आंधळ्या माणसालाही आपले घर कळते. उंबऱ्याला लागलेल्या पायाने, चुलीच्या वासाने, माणसांच्या हालचालीच्या आवाजाने तो ते ओळखतो. तेव्हा घरपण पाचही इंद्रियांनी घ्यायचे असते, असे म्हटले पाहिजे. ते आपल्या लोकांनी कसे मिळवले, कसे गमावले आणि पुन्हा कसे उभे केले, याचा थोडा इतिहास आज मला सांगायचा आहे.

प्रथम आपल्याच घराकडे पाहू. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापुरास जोडला गेला. जिल्हा बदलला तरी पाऊस तोच राहिला. आपले जुने घर या पावसाने घडवलेले आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती, उतरते छप्पर, पुढे सोपा, आत माजघर, एका अंगाला गोठा आणि मागे परडे. पूर्वी वर गवत किंवा कुंभाराची नळीची कौले असत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्रावर दाबलेली सपाट कौले काढली. पुढे त्या धर्तीचे कारखाने ठिकठिकाणी झाले आणि खानापूरकडची कौले आपल्या गाड्यांतून घाटमाथ्यावर चढली. कौलाचा जिन्नस साधा, पण त्याने घराचा आवाज बदलला. गवतावर पडणारा पाऊस ऐकू येत नाही, कौलावरचा येतो. आषाढात वर तो आवाज आणि खाली वाकळीची ऊब, यांतले सुख ज्याने घेतले आहे त्याला मी अधिक सांगायला नको.

त्या घरातले प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला पोचत असे. शेणाने सारवलेली जमीन अनवाणी पायाला उन्हाळ्यात गार लागे. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ अंगाला मऊ लागे, आणि त्यात आजीच्या लुगड्याचा काठ नातवाला हाताने चाचपडून सापडे. पहाटे जात्याची घरघर, गोठ्यातल्या जनावरांच्या गळ्यातली घाट, निखाऱ्यावर भाजलेल्या काजूचा वास, घनसाळ तांदळाचा भात शिजताना शेजारच्या घरापर्यंत जाणारा दरवळ, आणि देवळीतल्या दिव्याचा माजघरात पडणारा उजेड. एकही वस्तू बाजारातून शोभेसाठी आणलेली नाही. जे कामाचे, तेच सुखाचे होते.

मात्र हे चित्र रंगवून थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी शेतकऱ्याच्या घराची आणि गोठ्याची दशा आडपडदा न ठेवता मांडली. घरपणाच्या गोड गोष्टी सांगणाऱ्याने ती पाने आधी वाचावीत. ज्या चुलीचा वास आम्हां पुरुषांना आठवणीत गोड लागतो, तिच्या धुराने आमच्या आयांचे डोळे लाल झाले आणि छाती भरली. जात्याची घरघर ऐकत आम्ही झोपलो, तेव्हा ते ओढणारी जागी होती. वाकळीचा एकेक टाका तिने रात्री दिव्याशी वाकून घातला. घराची ऊब आपोआप निघत नाही. ती कोणाच्या तरी श्रमातून निघते, आणि त्या श्रमाचा हजेरीपट कोणी ठेवलेला नाही.

आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची रांग लागली. कोकणातून आणि घाटावरून माणसे गेली, आपल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडूनही गेली. कापड कसे विणायचे याचा विचार मालकांनी पुष्कळ केला. ते विणणाऱ्याने रात्री पाठ कोठे टेकायची, याचा फारसा कोणी केला नाही. १८९६ साली प्लेगने शहराला घेरले, तेव्हा कोठे गरिबांची कोंदट घरे हा सरकारी चिंतेचा विषय झाला आणि १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

तरीही स्थिती काय होती? मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये १९२२ साली डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांची पाहणी छापून आली. पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली. जमिनीवर सहा चुली होत्या. लहानमोठी मिळून माणसे तीस. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाची सोय काय, असे विचारता तीन फूट बाय चार फुटांचा, आडोसा करून घेण्याचा एक कोपरा दाखवण्यात आला. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मग मनात आले, सहा चुली कशाला? एका चुलीवर स्वयंपाक केला असता तर लाकूड वाचले असते, धूरही कमी झाला असता. उत्तर एकच सुचते. प्रत्येक बाईला आपल्या घराची चव हवी होती. भिंत मिळाली नाही, म्हणून त्या बायकांनी चुलीची भिंत केली.

त्याच सुमारास सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमार्फत सिमेंट-काँक्रीटच्या चाळी बांधायला काढल्या. याच त्या बी.डी.डी. चाळी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती झाल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम भक्कम होते, पण प्रारंभी पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरत्या तुरुंगासाठी केला. जी इमारत घर म्हणून रिकामी राहते आणि तुरुंग म्हणून चालते, तिच्यात बांधणाऱ्याने माणसाच्या कोणत्या गरजा मोजल्या असतील, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आणि तरीही कामगारांनी या खोल्यांची घरे केली, हे या इतिहासातले सर्वांत मोठे आश्चर्य आहे. मी दहा वर्षांचा असताना मे महिन्यात वडिलांकडे मुंबईला गेलो होतो. ते आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत राहत. अशा गावकीच्या खोल्या गिरणगावात पुष्कळ होत्या. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. एकजण उठून कामावर गेला की त्याच्या जागी रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. पण भिंतीवर रवळनाथाची तसबीर होती आणि तिच्यापुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागायची. गावाहून कोणी आले की घनसाळाची पुरचुंडी, कोकम आणि काजू यायचे. त्या रात्री भात खोलीतच शिजे. शनिवारी भजन व्हायचे. झोपताना प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या घरची वाकळ असे. पाचही इंद्रियांना गाव पुरवण्याची ही व्यवस्था होती, आणि ती कोणत्याही पुस्तकात न वाचता माणसांनी केलेली होती. एवढे असून वडील म्हणत, ‘तिथं झोपायला जागा होती, घर नव्हतं.’

असे ते का म्हणत, हे मला पुढे संघटनेत आल्यावर उमगले. घराला जागा लागते तसा वेळही लागतो. गिरणी पूर्वी सूर्याबरोबर चाले; अंधार पडला की यंत्र थांबवावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. म्हणजे जो दिवा घर उजळतो, त्यानेच कामगाराची संध्याकाळ नेली. ज्याची पहाट भोंग्याने होते आणि जो मुले झोपल्यावर परततो, त्याच्या घरात केवढाही सुगंध असला तरी तो कोणासाठी?

म्हणून मी नारायण मेघाजी लोखंडे यांना घरपणाच्या इतिहासातले एक थोर पुरुष मानतो. ते ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे आद्य संघटक. सभा आणि अर्ज करकरून त्यांनी रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने ती मान्य केली. आपण ही सुटी पंचांगातूनच आली असे समजून उपभोगतो. पुढे कायद्याने गिरणीतल्या पुरुषांचा दिवस १९११ मध्ये बारा तासांचा झाला. आठवडा १९२२ मध्ये साठ, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तासांवर आला. या आकड्यांकडे कोणी रुक्ष म्हणून पाहू नये. साठातून अठ्ठेचाळीस वजा केले की बारा उरतात. त्या बारा तासांत बापाने मुलाला मांडीवर घेतले आहे, गरम भाकरी गरम असतानाच खाल्ली आहे.

चवीचा इतिहास तर बायकांच्या हातचा आहे. एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना गिरणगावच्या खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले. ज्याच्या त्याच्या मुलखाची चव त्या सांभाळत. घाटावरच्याला भाकरी, कोकण्याला भात-आमटी. कामगार महिन्याअखेरीस पैसे देई, पण वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज रोज वाढत राही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. इतकी वर्षे जे काम ‘बाईमाणसाचा हात’ म्हणून गणले जाई, त्याला त्या दिवशी पत मिळाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतले पुष्कळजण परत कामावर गेलेच नाहीत. आमचे वडीलही वाकळ आणि ट्रंक घेऊन गावी आले. मला वाटले, आता त्यांना घर मिळाले. पण पहिले कित्येक दिवस त्यांना रात्री झोप लागेना. शांतता त्यांना सोसेना. पहाटे भोंग्याच्या वेळेला ते दचकून उठून बसत. एवढी वर्षे ज्या घराची आठवण काढली, त्या घराचे आवाज कान विसरून गेले होते. आईने काही बोलून दाखवले नाही. ती पहाटे लवकर उठून त्यांच्या उशाजवळच्या खोलीत जाते घालू लागली. घरात तोवर पीठ गिरणीवरून येत असे; जात्याची तशी गरज उरली नव्हती. तिचे कारण मला फार वर्षांनी कळले. त्या घरघरीत वडिलांना हळूहळू झोप लागू लागली.

आज आपल्या तालुक्यात स्लॅबची घरे झाली आहेत. त्यांना नावे ठेवणारा मी नव्हे. ज्याने गळक्या कौलाखाली भांडी मांडून रात्री काढल्या, त्याला स्लॅबची किंमत ठाऊक आहे. गॅस आला, धूर गेला, याहून चांगली गोष्ट नाही. पण काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींच्या बैठका मी घेतो, तेव्हा एक गोष्ट ऐकतो. टरफलाच्या तेलाने बोटे काळी पडतात आणि कातडी सोलते. एक बाई मला म्हणाली, ‘दादा, पोराच्या गालावरून हात फिरवावा म्हटलं तर त्याला माझा हात टोचतो.’ हातमोज्यांची मागणी आम्ही करत होतोच, परंतु ती मागणी घराचीही आहे, हे मला त्या बाईने शिकवले.

तेव्हा घर सुखाचे करायचे असेल, तर ते पैशाने फार थोडे आणि लक्ष देण्याने पुष्कळ होते. दारात तुळस किंवा सायलीचा वेल असावा, संध्याकाळी घटकाभर यंत्रे बंद करून माणसांचा आवाज ऐकावा, एखादी जुनी वाकळ कपाटातून काढून अंगावर घ्यावी. आणि हे सारे करण्याचा भार एकाच बाईवर टाकू नये. पण त्याबरोबर हेही विसरू नये की, ज्याला जागा नाही आणि वेळ नाही, त्याला असला उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला चवीचे व्याख्यान देणे होय. आपल्या घरी जाताना वाटेत अशी किती घरे लागतात, ती मोजावीत. पगार आणि बोनस सोडून बोलण्याचे मी कबूल केले होते. ते मला पुरते साधले नाही, याबद्दल चालकांनी क्षमा करावी.