पारपटलाच्या शंकुविकाराची ओळख व उपचार : एक ऐतिहासिक आढावा (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतातील अंधत्व निवारणाचा इतिहास हा बव्हंशी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा इतिहास आहे. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ज्या सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प राबविण्यात आला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. त्यामुळे वृद्धांच्या अंधत्वाची मोजदाद झाली व त्यावर उपायही झाले. मात्र ऐन विद्यार्थिदशेत सुरू होऊन हळूहळू वाढणारा एक नेत्रविकार या मोजदादीबाहेर राहिला. तो विकार म्हणजे केराटोकोनस, अर्थात पारपटलाचा शंकुविकार होय.

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पटलास पारपटल म्हणतात. या विकारात ते मध्यभागी पातळ होत जाते व शंकूप्रमाणे पुढे येते. परिणामी प्रतिमा वेडीवाकडी, दुहेरी वा धूसर दिसते. विकार सामान्यतः पौगंडावस्थेत सुरू होतो व तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहतो. रुग्ण पूर्ण आंधळा क्वचितच होतो. परंतु शिक्षण व उपजीविकेच्या वयातच त्याची दृष्टी चष्म्याने सुधारेनाशी होते. या विकाराची ओळख कशी घडत गेली आणि गोंदियासारख्या जिल्ह्यासाठी त्या इतिहासाचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळखीचा इतिहास

जर्मन वैद्य बुर्खार्ड माउखार्ट यांनी १७४८ मध्ये या विकाराचे प्रारंभिक वर्णन केले. इतर नेत्रविकारांपासून त्याचे वेगळेपण स्पष्ट करण्याचे श्रेय मात्र इंग्लंडमधील जॉन नॉटिंगहॅम यांच्या १८५४ च्या ग्रंथाकडे जाते. त्या काळी डोळ्याचा शंकू बाजूने पाहता उघड दिसू लागल्यावरच निदान होत असे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक उपकरण सिद्ध केले व १८५९ मध्ये विल्यम बोमन यांनी त्याचा उपयोग या विकाराच्या निदानासाठी केला. १८७३ मध्ये फ्रान्समधील क्युइन्ये यांनी रेटिनोस्कोपीची पद्धती मांडली. डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरविली असता शंकुविकारात परत येणारी छाया कात्रीच्या पात्यांप्रमाणे उघडते-मिटते, ही खूण आजही उपयुक्त ठरते. १८८० च्या सुमारास पोर्तुगालच्या प्लासिडो यांनी वर्तुळांची तबकडी वापरून पारपटलावरील प्रतिबिंब तपासले. शंभर वर्षांनंतर त्याच कल्पनेला संगणकाची जोड मिळाली व पारपटलाचा नकाशा काढणारी यंत्रे आली. बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या डोळ्यातील विकारही आता उमगू लागला.

उपचारांचा इतिहास

१८८८ मध्ये पॅरिसच्या यूजेन काल्ट यांनी शंकुविकाराच्या रुग्णांवर काचेच्या स्पर्शभिंगांचे प्रयोग केले. पुढे आलेली कठीण प्लॅस्टिकची भिंगे याच वाटेवरील होत. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. भारतात १९४५ मध्ये मद्रास येथे पहिली नेत्रपेढी स्थापन झाली, तर मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. तथापि भिंग दृष्टी सुधारते, विकाराची वाढ थांबवीत नाही. आणि रोपण हा शेवटचा उपाय आहे.

वाढ थांबविण्याचा उपाय जर्मनीतील ड्रेस्डेन येथे सापडला. तेथे झायलर व सहकाऱ्यांनी रिबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) व अतिनील किरण यांच्या साहाय्याने पारपटलातील तंतूंचे परस्परबंध बळकट करण्याची ‘क्रॉस-लिंकिंग’ पद्धती विकसित केली. २००३ च्या त्यांच्या निबंधात २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचा वृत्तान्त असून सर्व डोळ्यांतील वाढ थांबल्याची नोंद आहे. मात्र मूळ पद्धतीत पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. म्हणजेच निदानास उशीर झाल्यास हा उपाय हातचा जाऊ शकतो. पूर्वी लवकर झालेले निदान हे केवळ ज्ञान होते. या उपचारानंतर ते दृष्टिरक्षणाचे साधन झाले.

विदर्भातील मोजदाद

हा विकार दुर्मीळ मानला जाई. अमेरिकेतील मिनेसोटाच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर लाखामागे सुमारे ५४ रुग्ण आढळले होते. या समजास नागपूरनजीकच्या आठ खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ने धक्का दिला. तीस वर्षांवरील ५,८८५ पात्र व्यक्तींपैकी ४,७११ जण त्यात सहभागी झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विकाराचे प्रमाण २.३ टक्के होते.

हा आकडा सावधपणे वाचावयास हवा. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर वा अधिक असणे हा येथे निकष होता. तोच ४९ केल्यास प्रमाण ०.६ टक्के, तर ५० केल्यास ०.१ टक्क्यावर येते. पारपटलाचे नकाशे काढलेले नव्हते. शिवाय तिशीखालील वयोगट, म्हणजे ज्यांचा विकार थांबविता येण्याची शक्यता सर्वाधिक तो गट, अभ्यासाबाहेर होता. तरीही विदर्भाच्या ग्रामीण भागात या विकाराचा शोध घेतला पाहिजे, एवढे या अभ्यासाने निःसंशय दाखविले.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. नागपूर येथे १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोंदियास ते २०१६ मध्ये मिळाले. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. सालेकसा वा देवरी तालुक्यातील मजुराच्या मुलासाठी तपासणीची प्रत्येक फेरी म्हणजे पालकांची बुडालेली मजुरी होय. त्यामुळे दरवर्षी वाढता नंबर घेऊन नवा चष्मा करणे, एवढ्यावरच प्रकरण थांबण्याचा धोका असतो.

परंतु पहिला संशय येण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सिलिंडरचा नंबर व त्याचा अक्ष वारंवार बदलणे, चष्मा लावूनही फळ्यावरील अक्षरे स्पष्ट न दिसणे, डोळे सतत चोळणे व रेटिनोस्कोपीतील कात्रीसदृश छाया या खुणा पुरेशा आहेत. नकाशा यंत्राची गरज त्यानंतर, निश्चितीसाठी व वाढ मोजण्यासाठी लागते. डोळे चोळण्याची सवय व ॲलर्जी यांचा विकाराशी संबंध आढळला आहे. विदर्भातील कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या खाजेवर वेळीच उपचार करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष

शंकुविकाराच्या इतिहासात निदान हे शंकू उघड दिसण्यापासून तो दिसण्यापूर्वीच ओळखण्यापर्यंत पोहोचले. रुग्ण मात्र ज्या टप्प्यावर तपासला जातो, त्याच काळात अडकून राहतो. केवळ चष्म्याचा नंबर काढला गेला, तर एकविसाव्या शतकातील विद्यार्थ्याच्या वाट्यास नॉटिंगहॅमच्या काळातील निदान येते. शालेय नेत्रतपासणीत वाढत्या सिलिंडरची मागील नंबराशी तुलना व्हावी, संशयित विद्यार्थ्यास विनाविलंब पुढे पाठवावे आणि महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी अशी नोंद ठेवावी. दृष्टी गेल्यावर रोपणाची वाट पाहण्यापेक्षा ती असतानाच राखणे शक्य झाले आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.