दोन निळे, आणि स्टँडमधली तिसरी रांग

केरी-मॉरिसव्हिलकडे नवीन राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ऑफिसात, शेजारी, मुलांच्या शाळेत, अगदी दाढ बघता बघता डेंटिस्टसुद्धा विचारतो: "कॅरोलायना की ड्यूक?" म्हणजे फिकट निळा की गडद निळा. "दोन्ही आवडतात" असं उत्तर दिलं की समोरचा तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतो.

मी तो कीव करण्यासारखा माणूस आहे. बास्केटबॉलला मी फिकट निळ्याचा, आणि फुटबॉलला बरेचदा गडद निळ्याचा, कारण हरणाऱ्याच्या बाजूनं ओरडायची खोड आहे. (फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा.) दोन्हीकडच्या टोप्या घरात आहेत. त्यामुळे दोन्हीकडचे लोक आपला इतिहास कसा सांगतात ते मी भरपूर ऐकलंय, आणि दोन्हीकडे काय सांगितलं जात नाही तेही हळूहळू कळत गेलं. आज त्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

नेहमीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. चॅपेल हिल आणि डरहॅम यांच्यात १५-५०१ या रस्त्यानं जेमतेम १० मैल. एकीकडे १७९५ साली दारं उघडलेलं सरकारी विद्यापीठ. दुसरीकडे ट्रिनिटी नावाचं कॉलेज, जे १८९२ मध्ये डरहॅमला आलं आणि १९२४ मध्ये जेम्स ड्यूक यांच्या तंबाखूच्या आणि विजेच्या पैशामुळे ड्यूक विद्यापीठ झालं. म्हणून कॅरोलायनावाले स्वतःला "जनतेचे" म्हणतात आणि ड्यूकला शेठजींचं कॉलेज. ड्यूकवाले म्हणतात, तुम्ही जळता. बास्केटबॉलमध्ये पहिली गाठ १९२० मध्ये पडली. १९६१ च्या फेब्रुवारीत ड्यूकचा आर्ट हेमन आणि कॅरोलायनाचा लॅरी ब्राऊन यांच्यात जी जुंपली, त्यात प्रेक्षकही उतरले. हेमन आधी कॅरोलायनाला यायचं कबूल करून ऐनवेळी ड्यूकला गेलेला, त्यामुळे राग जुनाच होता. आणि अलीकडची गोष्ट, २०२२: ड्यूकचे कोच शशेव्स्की ४२ वर्षांनी निवृत्त होत होते, तर घरच्या मैदानावरच्या त्यांच्या शेवटच्या मॅचमध्ये कॅरोलायनानं त्यांना ९४-८१ हरवलं, आणि महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये परत ८१-७७. राष्ट्रीय स्पर्धेत हे दोघे तोवर एकदाही समोरासमोर आले नव्हते! त्या रात्री चॅपेल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती.

ही सगळी गोष्ट खरी आहे. मलाही ती सांगायला आवडते. पण तिच्यात स्टँडमध्ये कोण बसलं होतं हे कुणी सांगत नाही.

कॅरोलायनाचं फुटबॉलचं केनन स्टेडियम १९२७ चं. झाडीत लपलेलं, सुंदर, आज सुमारे ५० हजार माणूस मावतो. देणगी विल्यम रँड केनन ज्युनियर यांची, आणि नाव दिलं आईवडिलांचं. हे वडील कोण? १८९८ मध्ये याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्या सशस्त्र जमावानं निवडून आलेलं शहराचं सरकार उलथवलं, कृष्णवर्णीय वस्तीवर हल्ला केला, माणसं मारली. त्या दिवशी मशीनगन चढवलेली गाडी शहरात फिरत होती आणि तिच्यावरच्या तुकडीचे प्रमुख होते केनन सीनियर. २०१८ मध्ये विद्यापीठानं पाटी बदलली आणि नाव आता मुलाचं आहे असं जाहीर केलं. आडनाव तेच, त्यामुळे बाहेरच्या माणसाला फरक कळतही नाही. ९१ वर्षं लोक त्या नावाखाली बसून आनंदानं ओरडत होते.

१९५१ मध्ये कोर्टाच्या आदेशानं कॅरोलायनाच्या कायद्याच्या शाखेत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. वर्गात बसले, लायब्ररीत बसले. शरद ऋतूत फुटबॉल सुरू झाला तेव्हा त्यांना पास मिळाले ते विद्यार्थ्यांच्या स्टँडचे नव्हे, "रंगीत" प्रेक्षकांसाठी वेगळ्या राखलेल्या भागाचे. चॅन्सेलरांचं म्हणणं असं की शिक्षण वेगळं आणि करमणूक वेगळी. कोर्टानं शिक्षणाचं सांगितलंय, शेजारी बसून मॅच बघण्याचं नाही. विद्यार्थ्यांनी ते पास नाकारले, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि शेवटी विद्यापीठानं माघार घेतली.

मिटलं म्हणावं, तर १९५५ मध्ये पदवीच्या वर्गात पहिले तीन कृष्णवर्णीय मुलगे आले: लेरॉय आणि राल्फ फ्रेझर हे भाऊ आणि जॉन ब्रँडन. तिघेही डरहॅमच्या हिलसाइड हायस्कूलचे. म्हणजे ड्यूकच्या गावातली पोरं. पण ड्यूकनं पदवीसाठी कृष्णवर्णीयांना दार उघडलं ते १९६३ मध्ये. फुटबॉलच्या मॅचला या तिघांना बसवलं जायचं ते कृष्णवर्णीय सफाई कामगारांसाठी राखलेल्या भागात. ओळखपत्र विद्यार्थ्याचं, टीम आपली, घोषणा त्याच, आणि जागा मात्र झाडूवाल्यांच्या रांगेत.

आपल्या मराठी वाचकाला हे समजायला फार कल्पना करावी लागू नये. पुण्यात पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघ युरोपियनांना हरवायचा, आणि चहाच्या वेळी त्याच संघातले बाकीचे आत, बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. विकेट चालायच्या, कप चालत नव्हता. उगाच तुलना करायची म्हणून करत नाही. कोणत्याही जुन्या, "लाडक्या" वैराबद्दल वाचताना चहा कुठे दिला जायचा हे आधी शोधायची मला सवय लागली, ती बाळूंमुळे.

आता डरहॅमची एक मॅच सांगतो. माझ्या मते या भागातली सगळ्यात मोठी मॅच, आणि तिला प्रेक्षक नव्हते.

ड्यूकपासून काही मैलांवर नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ आहे. आपल्यापैकी बरेच जण त्याच्या बाजूनं गाडी नेतात, आत जात नाहीत. तेव्हा त्याच्या नावातच "निग्रोंसाठी" असं होतं. तिथले बास्केटबॉल कोच होते जॉन मॅक्लेंडन. हा खेळ ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली ते कॅन्सस विद्यापीठात शिकले होते, पण कृष्णवर्णीय म्हणून तिथल्या टीममध्ये खेळू शकले नव्हते. डरहॅममध्ये त्यांनी पळणारा, दमवणारा, वेगवान खेळ बसवला. आज आपण टीव्हीवर जो बास्केटबॉल बघतो त्याच्या कितीतरी जवळचा. त्याच वेळी ड्यूकच्या मेडिकल कॉलेजात युद्धकाळातल्या लष्करी प्रशिक्षणामुळे वेगवेगळ्या कॉलेजांतले तयार खेळाडू जमले होते, आणि त्यांची टीम तिथे सगळ्यात भारी समजली जायची. दोन्हीकडच्या पोरांना एकच खाज: चांगलं कोण?

१२ मार्च १९४४. रविवार सकाळ, मुद्दाम निवडलेली, कारण गाव आणि पोलीस चर्चमध्ये असणार. ड्यूकची मुलं मागून आणलेल्या गाड्यांतून आडवळणानं आली आणि कोटांनी तोंडं झाकून जिममध्ये शिरली. मॅक्लेंडन यांनी आतून दारं लावली. पंच होता, घड्याळ होतं. सुरुवातीला दोन्ही बाजू इतक्या बिचकलेल्या की पास धड जाईनात. मग सेंट्रलच्या मुलांना लय सापडली, आणि स्कोअर झाला ८८-४४. दुप्पट! काही विद्यार्थी बाहेरून खिडकीच्या काचेला नाक लावून बघत होते, तेवढेच साक्षीदार. त्यानंतर जे झालं ते मला मॅचहून मोठं वाटतं: थोडं थांबून त्यांनी टीम मिसळल्या, अर्धे शर्ट घालून आणि अर्धे उघडे, आणि परत खेळले.

आज हे गोड वाटतं, पण त्या वेळी धोका काय होता ते बघा. चारच महिन्यांनी, जुलै १९४४ मध्ये, याच डरहॅममध्ये बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेवरून झालेल्या वादात ड्रायव्हरनं गोळी घालून मारलं. सैनिक गणवेशात होता. ज्यूरीनं ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. अशा गावात ही पोरं एकमेकांच्या अंगाला अंग लावून रिबाउंड ओढत होती. स्थानिक कृष्णवर्णीय वर्तमानपत्राच्या बातमीदाराला कुणकुण होती, पण त्यानं छापलं नाही, आणि ते बरोबरच केलं. ही मॅच जगाला नीट कळली ती १९९६ मध्ये, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारामुळे. ५२ वर्षं!

मैदानावरची भिंत मग हळूहळू पडली. कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अजून सहाय्यक होते, तेव्हा आपल्या पाद्रीच्या सांगण्यावरून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेऊन 'द पाइन्स' या गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला गेले. टीम तिथेच जेवायची, मालक त्यांना नाही म्हणू शकला नाही. पुढे त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं, कॅरोलायनाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू. १९६९ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये ड्यूकविरुद्ध या स्कॉटनं ४० पॉइंट केले. त्याच वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं मत द्यायची वेळ आली तेव्हा काही पत्रकारांनी त्याला पहिल्या पाचांतही धरलं नव्हतं. ऑलिम्पिक सुवर्णपदक गळ्यात असलेला माणूस! स्कॉट चिडला, खेळूच नये असं त्याच्या मनात आलं, आणि मग राष्ट्रीय स्पर्धेतल्या पुढच्याच टप्प्यात डेव्हिडसनविरुद्ध शेवटच्या क्षणाला बास्केट घालून मॅच जिंकून दिली.

एवढं सगळं लिहायचं कारण सध्याची कुरकुर. आपल्या ग्रुपांवरही दिसते: "आता कॉलेजच्या खेळात मजा राहिली नाही, पोरं पैशासाठी टीम बदलतात." कुरकुर अगदीच खोटी नाही. दरवर्षी नवे चेहरे बघताना मलाही कंटाळा येतो. पण हिशेब जरा मागून मांडा.

२० फेब्रुवारी २०१९. ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम, ९ हजार आणि काही जागा, तिकिटं बाहेर हजारो डॉलरला, प्रेक्षकांत ओबामा. मॅचचं पहिलं मिनिटही झालं नव्हतं, झायन विल्यमसनचा बूट फाटला आणि गुडघा दुखावून तो आत गेला. दुसऱ्या दिवशी बूट बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घसरला. टीव्हीला पैसे, कंपनीला पैसे, कोचला कोट्यवधी, तिकिटांच्या दलालाला पैसे. ज्याचा गुडघा, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे नियमानं एक डॉलरही घेता येत नव्हता. बरं, शिष्यवृत्तीतलं शिक्षण तरी खरं होतं का? आमच्या फिकट निळ्यांकडे १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं कागदावरचे वर्ग चालले. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यांत होते, जवळपास निम्मे खेळाडू. हे वर्ग आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागाच्या नावावर होते. ज्या विद्यापीठानं या लोकांना स्टँडमध्ये बसू दिलं नव्हतं, तिथे त्यांच्याच इतिहासाचा विभाग असा वापरला गेला. २०१७ मध्ये एनसीएएनं शिक्षा केली नाही, कारण म्हणे वर्ग सगळ्यांनाच खुले होते. तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो आवडला नव्हता, आजही आवडत नाही.

जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ९-० असा निकाल दिला, जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घेता येऊ लागले. ६ जून २०२५ ला मोठी तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि विद्यापीठांना वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना द्यायची मुभा. त्याच्या सहाच महिने आधी कॅरोलायनानं फुटबॉल कोच बिल बेलिचिक यांना वर्षाला १ कोटी डॉलरवर आणलं. सरकारी विद्यापीठ, बरं का. त्या आकड्यावर मजा गेल्याची तक्रार मी फार थोड्यांकडून ऐकली.

वाटपाचे वाद संपलेले नाहीत. फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल बहुतेक पैसा घेणार, मुलींच्या खेळांना काय उरणार, पोहणं-कुस्तीचं काय होणार, यावर भांडायला हवं आणि त्यासाठी आकडे मागायला हवेत. सरकारी विद्यापीठाकडे ते मागायचा आपल्याला हक्क आहे, कर भरतो आपण. "पूर्वी कसं सगळं निखळ होतं" एवढं मात्र मला सांगू नका.

जाता जाता: आपल्यापैकी अनेकांचे सहकारी, शेजारी जुने डरहॅमकर आहेत, हिलसाइडमध्ये शिकलेले, सेंट्रलमध्ये शिकलेले. त्यांना जरा विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंना मी नेहमीचाच प्रश्न विचारला होता, कॅरोलायना की ड्यूक. त्या म्हणाल्या, आमच्या घरी ज्या दिवशी ते दोघे खेळायचे त्या दिवशी रेडिओ बंद असायचा, आणि मग हसून कोटाखालचा स्वेटर दाखवला. मरून आणि राखाडी. सेंट्रलचा.