जपून ठेवलेली पत्रे : रायचंदभाई, रेवाशंकरभाई आणि कॅलनबॅक

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखित पोथ्या आणि राजदरबारचे कागद डोळ्यांसमोर येतात. खाजगी पत्रांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. व्यापारी समाजात तर रोजमेळ व खतावण्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या जातात आणि घरातील पत्रे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघतात. वास्तविक मनुष्याचे अंतःकरण खतावणीत सापडत नाही. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे १०० खंड झाले, त्यांचा फार मोठा भाग पत्रांनी व्यापलेला आहे. त्यांतील काही पत्रांचा जैन समाजाशी अगदी जवळचा संबंध आहे.

जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईस परतले, तेव्हा डॉ. प्राणजीवनदास मेहता यांच्या घरी त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. श्रीमद् हे मेहता घराण्याचे जावई आणि रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिराच्या पेढीतील भागीदार. हिऱ्यामोत्यांचे सौदे पुरे होताच हा तरुण आत्मचिंतनाच्या वहीकडे वळत असे, याचे गांधीजींना विलक्षण आश्चर्य वाटले. पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती व मुसलमान स्नेह्यांच्या सहवासात मनात धर्मविषयक शंका उत्पन्न झाल्या, तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये श्रीमदांना २७ प्रश्न लिहून पाठविले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, येथपासून साप चावायला आला तर काय करावे, येथपर्यंत! त्यांची सविस्तर उत्तरे पत्रानेच गेली. ‘श्रीमद् राजचंद्र’ या ग्रंथाचा बहुतांश भाग अशा पत्रांचाच आहे. ज्यांना ती आली त्या मुमुक्षूंनी ती जपली आणि उतरवून घेतली, म्हणूनच तो ग्रंथ होऊ शकला.

९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे अवघ्या तेहतिसाव्या वर्षी श्रीमदांचे देहावसान झाले. गांधीजी त्या वेळी डर्बनला होते. २१ मे १९०१ रोजी त्यांनी रेवाशंकरभाईंना जे पत्र लिहिले, ते दुखवट्याच्या पत्रांत निराळे ठरावे. मनसुखलाल यांच्या पत्राने वार्ता कळली, मागाहून वर्तमानपत्रातही आली, तरी विश्वास बसेना, असे ते कळवितात. पत्र हाती पडले तेव्हा ते कामाच्या मेजापाशी होते. क्षणभर दुःख झाले आणि लगेच कचेरीच्या कामात बुडून जावे लागले. या देशात शोक करावयासही सवड नाही, मात्र जरा मोकळीक मिळाली की मन तिकडेच धावते, असा त्याचा आशय आहे. इष्टवियोगाच्या शोकाला आपल्या शास्त्रांनी आर्तध्यान म्हटले आहे व त्यापासून सावध राहण्यास सांगितले आहे. या पत्रात विलाप नाही की उपदेश नाही. दुःख होते तेवढेच लिहिले आहे आणि ते लपविलेलेही नाही. सांत्वनाच्या छापील मजकुरांपेक्षा ते अधिक खरे वाटते.

त्यानंतरच्या काळात जोहान्सबर्ग येथे गांधीजींना हर्मन कॅलनबॅक हे मित्र लाभले. ते जर्मन नागरिक, धर्माने ज्यू आणि व्यवसायाने वास्तुविशारद होते. १९१० मध्ये त्यांनी आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तेच टॉलस्टॉय फार्म. जुलै १९१४ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि कॅलनबॅक बोटीने इंग्लंडला निघाले. कॅलनबॅक यांच्याजवळ मौल्यवान दुर्बिणी होत्या. साध्या राहणीशी त्या विसंगत आहेत असा दोघांत रोज वाद होई. अखेर ७ पौंड किमतीची दुर्बीण समुद्रात टाकून देण्यात आली. अपरिग्रहाचे व्याख्यान ऐकणे सोपे, पण ७ पौंडांची वस्तू पाण्यात सोडणे कोणत्याही व्यापाऱ्याला अवघडच जाईल.

इंग्लिश खाडीत शिरतानाच महायुद्ध सुरू झाल्याची बातमी आली. कॅलनबॅक यांना हिंदुस्थानात यावयाचे होते, परंतु जर्मन असल्यामुळे परवाना मिळेना. गांधीजींनी पुष्कळ खटपट केली. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी असा धोका पत्करता येत नाही असे कळविले. डिसेंबर १९१४ मध्ये गांधीजी एकटेच कस्तुरबांसह निघाले. १९१५ मध्ये कॅलनबॅक यांना आइल ऑफ मॅन बेटावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले आणि १९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची जर्मनीस रवानगी झाली. या काळातही गांधीजी त्यांना लिहीत राहिले. चंपारणच्या धामधुमीत, डिसेंबर १९१७ मध्ये, त्यांनी लिहिले की येथे रोज नवे अनुभव येतात, ते तुमच्याबरोबर वाटून घ्यावेसे वाटते, पण हे राक्षसी युद्ध संपतच नाही. एका बाजूस निळीच्या मळेवाल्यांशी झुंज आणि दुसऱ्या बाजूस दूर अडकलेल्या एका मित्राची काळजी!

दोघांची पुन्हा भेट झाली ती १९३७ मध्ये, वलसाडजवळ तिथल येथे, तब्बल तेवीस वर्षांनी. दरम्यान ऑगस्ट १९३२ मध्ये डॉ. मेहता रंगून येथे निवर्तले. तेव्हा गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. मेहता कुटुंबीयांचे सांत्वन त्यांना तेथूनच पत्रांनी करावे लागले.

कॅलनबॅक १९४५ मध्ये वारले. त्यांनी जपलेली पत्रे नातलगांकडे हैफा येथे राहिली. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या सदबीज येथे या संग्रहाचा लिलाव होणार होता. तत्पूर्वीच भारत सरकारने सुमारे ७ लाख पौंडांना तो विकत घेतला आणि तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आला. एका मित्राने कपाटात ठेवलेल्या कागदांची ही किंमत! तथापि हा पत्रव्यवहार एकाच बाजूचा आहे. कॅलनबॅक यांनी पूर्वी लिहिलेली पत्रे गांधीजींनी वाचून नष्ट केली होती. त्यांत काय होते ते आता गांधीजींच्या उत्तरांवरूनच ताडावे लागते.