हवामानबदल आणि मानवी जनुकबदल : नीती व कायदा

तापत चाललेल्या पृथ्वीवर निभाव लागावा म्हणून मानवी देहच बदलावा काय? हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातो. मॅथ्यू लियाओ, अँडर्स सँडबर्ग व रेबेका रोश ह्या तत्त्वचिंतकांनी २०१२ साली एका निबंधात सुचविले की, माणसांची उंची कमी झाली व मांसाहाराची नावड निर्माण केली, तर निसर्गावरील भार हलका होईल. हे सारे ऐच्छिक असावे, असेही त्यांनी म्हटले. उष्णता सोसणारी संतती घडविणे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होय. आज ती कल्पनाच आहे. परंतु तिची नैतिक बाजू आपण आताच समजून घेतली पाहिजे.

दोन प्रकार

जनुकबदल दोन प्रकारचा असतो. पहिल्यात रुग्णाच्या शरीरपेशी बदलतात. तो बदल त्याच्यापुरताच राहतो. सिकलसेलवरील 'कॅसजेवी' हा उपचार ह्या प्रकारचा असून त्याला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसऱ्यात बीजपेशी वा भ्रूण बदलतात आणि तो बदल पिढ्यान्पिढ्या उतरतो. हवामानासाठी सुचविला जाणारा वंशगत बदल ह्या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

निसर्गाची साक्ष

निसर्गातही माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो. विरळ हवेत राहणाऱ्या तिबेटी लोकांना 'ईपास-१' ह्या जनुकाचे विशिष्ट रूप साहाय्यभूत ठरते. मात्र अशा बदलाची किंमतही असते. सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून आले, तर ते तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण देते. दोघांकडून आले, तर आयुष्यभराचा आजार देते. आपल्या महाराष्ट्रातील अनेक आदिवासी कुटुंबे हे दुःख भोगीत आहेत. शिवाय उष्णता सोसण्याची क्षमता घाम, हृदय, मूत्रपिंड अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. ती एका जनुकाच्या हाती नाही.

कायदा काय सांगतो?

युरोप परिषदेच्या १९९७ च्या ओव्हिएदो कराराचे तेरावे कलम रोगप्रतिबंध, निदान वा उपचार ह्यांसाठीच जनुकीय हस्तक्षेपास अनुमती देते आणि संततीत बदल घडविण्याचा हेतू निषिद्ध ठरविते. ब्रिटन व जर्मनी ह्या करारात सामील नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी युनेस्कोच्या जाहीरनाम्याने मानवी जनुकसंचयाला प्रतीकात्मक अर्थाने मानवजातीचा वारसा म्हटले. चीनमध्ये २०१८ साली जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे डॉ. हे जियानकुई ह्यांनी जाहीर केले; २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या देशात वंशगत जनुकोपचारास मनाई आहे. २०२१ चा साहाय्यक प्रजनन कायदा भ्रूणाची जनुकीय तपासणी मुख्यतः ज्ञात आनुवंशिक रोगांपुरती मर्यादित ठेवतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

'दिग्नितास पेर्सोने' ह्या २००८ च्या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने स्पष्ट भेद केला आहे. रोगनिवारणासाठी शरीरपेशींवरील उपचार तत्त्वतः ग्राह्य आहेत. संततीत उतरणारा बदल सद्यःस्थितीत ग्राह्य नाही, कारण त्यातील धोके मोठे आहेत व ते अजून पुरेसे काबूत नाहीत. उपचाराव्यतिरिक्त केवळ 'सुधारित माणूस' घडविण्याची कल्पना तर माणसामाणसांत उच्चनीच भाव निर्माण करणारी आहे. 'लाउदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस ह्यांनी पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले.

आम्हांला येथे न्यायाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवा तापविण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, तेच भर उन्हात राबतात. त्यांच्या लेकरांचे देह बदलणे आणि धूर ओकणाऱ्यांच्या सवयी तशाच ठेवणे, ह्याला उपाय कसे म्हणावे? 'ऐच्छिक' हा शब्दही येथे अपुरा पडतो, कारण अजून न जन्मलेल्या बालकाची संमती कोणी घ्यायची? सावली, पाणी, कामाच्या बदललेल्या वेळा व कमी धूर हे मार्ग आपल्या हाती आहेत. चूक ठरली तर ते बदलता येतात. वंशात उतरलेला बदल सहजी मागे घेता येत नाही.