इंजिन बेअरिंगची जुळणी

इंजिन बेअरिंगची जुळणी म्हणजे मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट व त्याला आधार देणारी साधी बेअरिंगे यांच्यात योग्य फट राखून बेअरिंगच्या टोप्या ठरावीक ताकदीने आवळण्याची प्रक्रिया होय. ही बेअरिंगे छर्र्यांची नसतात. गुळगुळीत अर्धगोल कवचांमध्ये शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. फट कमी पडल्यास हा थर तुटून बेअरिंग वितळते व इंजिन जाम होते. ती वाढल्यास तेलाचा दाब घसरतो आणि इंजिन ठोकू लागते.

इतिहास

आरंभीच्या मोटारींत कथील, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू वापरत. त्याच्या बेअरिंगचे पेटंट अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये घेतले. फोर्डच्या मॉडेल टी व मॉडेल ए या गाड्यांत हा धातू वितळवून थेट इंजिनात ओतलेला असे. मिस्त्री शाफ्टला निळा रंग किंवा शेंदूर लावून तो फिरवून पाहत. बेअरिंगवर जेथे रंग उमटे तो उंचवटा खरवडणीने काढत. हे काम मापापेक्षा हाताच्या अंदाजावर चाले आणि त्याला दिवस लागत. अनेक इंजिनांत टोपीखाली पातळ पत्र्या असत. झीज झाल्यावर दोन्ही बाजूंच्या सारख्याच जाडीच्या पत्र्या काढून फट कमी करता येई.

पुढे पोलादी पाठीची तयार कवचे आली. कुर्ला येथे प्रीमियर कंपनीने बनवलेल्या पद्मिनीच्या १०८९ घन सें.मी. इंजिनात तीन मेन बेअरिंगे असून त्यांत अशीच कवचे बसतात. यांत पत्र्या काढण्याची सोय नाही. टोपी कानशीने घासून बेअरिंग ‘टाइट’ करण्याची युक्ती अनेक गॅरेजांत चालत आली आहे. तिने भोक लंबगोल होते आणि ब्लॉक कायमचा बिघडतो.

पद्धत

प्रथम शाफ्टची जर्नले मायक्रोमीटरने तपासतात. झीज असल्यास ती घासून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. कमी मापाची करतात व त्याच मापाची कवचे घेतात. कवचाची पाठ आणि बैठक कोरडी व स्वच्छ हवी. तेल फक्त आतल्या बाजूस लावतात. केसाएवढा कणही कवचाला फुगवटा आणतो. टोप्यांवरील क्रमांक व दिशा बदलू नयेत.

फट साधारणतः जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी धरतात, म्हणजे ५० मि.मी. जर्नलला सुमारे ०.०५ मि.मी.; अंतिम माप मात्र त्या इंजिनाच्या पुस्तिकेतीलच. ती मोजण्यासाठी जर्नलवर मऊ प्लास्टिकचा धागा ठेवून टोपी आवळतात आणि चपटा झालेल्या धाग्याची रुंदी पाहतात. या वेळी शाफ्ट फिरवत नाहीत. धागा काढून, तेल लावून टोप्या मधल्या बेअरिंगपासून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने दोन-तीन टप्प्यांत आवळतात. प्रत्येक टोपीनंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडला, तर दोष शेवटी आवळलेल्या टोपीत शोधणे सोपे जाते.

वऱ्हाडातील संदर्भ

अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. उष्णतेने तेल पातळ होत असल्याने झिजलेले बेअरिंग येथे उन्हाळ्यात लवकर उघडे पडते. सकाळी गार इंजिनावर घेतलेला तेलदाब फसवा असतो. गाडी चांगली तापल्यावर, मंद गतीवर तो पुन्हा पाहावा लागतो.